बाहेरचं हँडल

संध्याकाळी किल्लीवाला घरी आला, आणि त्याची किल्ली त्याच्याच घराला लागेना.

आधी त्याला वाटलं, हात. हात हल्ली असेच झाले होते. सकाळपासून घेतली नसली की थरथरायचे, आणि थरथर थांबावी म्हणून घ्यावी लागायची; घाण्याच्या बैलासारखा तो फेरा होता. आज त्याने घेतली नव्हती. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून, श्वास रोखून त्याने पुन्हा किल्ली घातली. जाईना. मग वाकून नीट पाहिलं. कुलूप बदललेलं होतं. आणि बसवलं होतं कोणतं, तर घराच्या पुढच्या खोलीत असलेल्या त्याच्याच दुकानातलं, काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलेलं. त्याच्याकडे बोट दाखवून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "हे न्या. हे चोराच्या बापाला उघडत नाही, आणि मलाही नाही."

"अगं," तो दाराला म्हणाला, "हे कुणी बसवलं?"

"मी," आतून बायको म्हणाली.

"नीट बसलंय."

"माहीत आहे."

"उघड ना मग."

"मीटिंगला जाऊन या. उघडते."

"कसली मीटिंग?"

"दारू सोडणाऱ्यांची. इथेच कुठेतरी भरते म्हणतात. परवा जातो म्हणालात, काल जातो म्हणालात. आज जा."

"कुठे भरते पण?"

"शोधा. परक्या गावात, अनोळखी गल्लीत, दिवे गेलेले असताना तुम्ही दारूचं दुकान शोधून काढता. माझ्या भाचीच्या लग्नाला गेलो तर मांडवाच्या आधी ते सापडलं होतं तुम्हाला. हेही सापडेल."

"आणि नाहीच सापडलं तर?"

मग बायको बोलली, आणि या वेळी बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे किल्लीवाला जास्त घाबरला. "आज कुलूप बदललंय. उद्या पत्ता बदलीन. दादाला फोन करून ठेवलाय, बॅग भरून ठेवलीय. खोटं वाटत असेल तर खिडकीतून बघा."

त्याने खिडकीतून पाहिलं. खरंच होती. पट्टा आवळलेली, चेन पूर्ण लावलेली. धमकीची बॅग कशी दिसते हे नवऱ्यांना कळतं. तिच्यातून साडीचा पदर बाहेर लोंबत असतो. ही तशी नव्हती.

"बरं, माझी हत्यारांची पिशवी तरी दे."

"पिशवी दिली तर तुम्ही हे दार उघडाल."

"कसं उघडेन? हे उघडतच नाही. गिऱ्हाइकांना काय खोटं सांगतो मी?"

"मग पिशवी कशाला हवी?"

खिशात एक स्क्रू ड्रायव्हर होता. तेवढं शस्त्र घेऊन किल्लीवाला दारू सोडायला निघाला.

आता दारूचा गुत्ता कुठे आहे हे कुणालाही विचारता येतं. माणसं हसतात, डोळा मारतात, कोपऱ्यापर्यंत सोडायलाही येतात. दारू सोडायची जागा कुठे आहे हे विचारायचं म्हणजे मात्र भर रस्त्यात कपडे उतरवणं. जगाची रीतच अशी हलकट आहे. बुडणाऱ्याकडे बघायला गर्दी जमते. पोहायला शिकायला निघालेल्याला मात्र चार जणांच्या नजरा चुकवून जावं लागतं.

किल्लीवाल्याने शिंप्यापासून सुरुवात केली. शिंपी त्याच्या दुकानाच्या शेजारचाच. मशीनवर वाकलेला, तोंडात टाचण्या.

"एक विचारायचं होतं. माझा एक मित्र आहे..."

"किती पितो?" शिंप्याने टाचण्या न काढता विचारलं.

"तुला कसं कळलं पितो म्हणून?"

"मित्राचे हात थरथरतायत," शिंपी म्हणाला.

किल्लीवाल्याने हात खिशात घातले. शिंप्याने टाचण्या काढून उशीत खोचल्या, म्हणजे भाषण येणार होतं. "मित्राला सांग, मीटिंगबिटिंगला जाऊन काही होत नसतं. मनाचा निग्रह पाहिजे. आता माझंच बघ. मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. का? निग्रह."

या शिंप्याला दारूच्या वासानेच उलटी व्हायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ज्याला भूकच लागत नाही त्याने उपासाचा मोठेपणा सांगावा, त्यातला हा प्रकार. निग्रहावर बोलणारी माणसं बहुधा पोटभर जेवून उठलेली असतात. किल्लीवाल्याला हे सगळं त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं, पण खिशातले हात इतके हलत होते की खिशातल्या किल्ल्या वाजायला लागल्या. तो निघाला. मागून शिंपी ओरडला, "मित्राला म्हणावं, सकाळी उठून कोमट पाणी पी."

औषधांच्या दुकानात तो मित्राला सोडून मेव्हण्यावर आला. "मेव्हण्यासाठी विचारतोय." दुकानदार म्हणाला, "कोणत्या? शिंप्याचा आत्ताच फोन आला, तो तर मित्र म्हणाला." पुढे फुलांच्या दुकानात तो तोंड उघडणार तोच फुलवाली म्हणाली, "कोमट पाणी घेतलंत का?"

पत्ता मात्र एकालाही माहीत नव्हता. सल्ला प्रत्येकाकडे होता.

शेवटी जिथे जायचं नाही असं ठरवलं होतं तिथेच त्याचे पाय आले. पायांचा दोष नाही, त्यांना एकच रस्ता पाठ. बारच्या उंबऱ्यावर तो थांबला. आत नेहमीचा मंद दिवा, नेहमीचा गार वास, आणि कोपऱ्यातलं त्याचं रिकामं टेबल. ते टेबल त्याच्याकडे असं बघत होतं की तसं सख्खी आईही बघत नाही. वेटरने त्याला पाहिलं आणि टेबल पुसायला फडकं उचललं.

"बसत नाही," किल्लीवाला उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "पत्ता हवाय. ते लोक... जे सोडतात... ते कुठे जमतात, तुला माहीत आहे?"

मित्र नाही, मेव्हणा नाही. इथे खोटं बोलून उपयोगच नव्हता. या माणसाने त्याला खुर्चीवरून उचललेलं होतं.

वेटरने फडकं खांद्यावर टाकलं, मालकाकडे एक नजर टाकली आणि बाहेर आला. "लायब्ररी माहीत आहे ना? समोरून जाऊ नका, समोरचं दार या वेळी बंद असतं. मागच्या बोळात लोखंडी जिना आहे. वर गेलात की लांब व्हरांडा, त्याच्या टोकाची खोली. पाटी नाही. पंख्याचा मोठा आवाज येईल, तीच."

"तुला कसं माहीत?"

"आमची चांगली चांगली गिऱ्हाइकं तिकडेच गेली. मालक त्या खोलीला रोज शिव्या देतो." वेटरने फडकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "जा. आणि इकडे येऊ नका परत. टिप तुम्ही चांगली द्यायचात, पण येऊ नका."

त्या संध्याकाळी किल्लीवाल्याला भेटलेला हा पहिला शहाणा माणूस, आणि तो बारमध्ये नोकरीला होता. सज्जनांनी यावर विचार करावा.

लोखंडी जिना चढताना किल्लीवाल्याने ठरवलं होतं की आत रडारड चालू असेल, आपण मागे उभं राहायचं, थोडं रडवेलं तोंड करायचं आणि निघून यायचं. बायकोला सांगायला तेवढं बास. पण व्हरांड्याच्या टोकाशी गेला तर उघड्या दारातून हसण्याचा आवाज. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसण्याचा. तो तिथेच थिजला. बाटलीशिवाय माणसं इतकी हसू शकतात हे तो विसरूनच गेला होता. मागे वळणार, इतक्यात आतून एका बाईंनी त्याला पाहिलं. पांढरे केस, जाड चष्मा, शाळेत शिकवून निवृत्त झाल्यासारखी बसायची पद्धत.

"या," बाई म्हणाल्या.

आणि किल्लीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "कुलूप बघायला आलोय."

"कुणी पाठवलं?"

"ऑफिसातून."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दाराचं कुलूप ठणठणीत होतं, हँडल लोण्यासारखं फिरत होतं. "बघा ना," बाई म्हणाल्या. "सावकाश बघा. चहा घेणार?"

आत गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, त्यांत बाईंखेरीज तिघे जण. एक दाताचे डॉक्टर, इस्त्रीचा शर्ट घातलेले. एक बस ड्रायव्हर, गणवेशातच आलेला. एक वायरमन, ज्याच्या कानामागे टेस्टर होता. वर एक पंखा असा फिरत होता, जणू छत उचलून नेणार. कुणी किल्लीवाल्याला काही विचारलं नाही. ड्रायव्हर आपलं बोलत होता तो बोलत राहिला.

किल्लीवाला दाराशी उकिडवा बसला. पंख्याच्या वाऱ्याने दार सारखं हलत होतं, म्हणून बूट अडकवून ते उघडं धरलं. चांगल्या कुलपाला नुसतं बघत बसणं कारागिराला जमत नाही, आणि लोक बघतायत म्हटल्यावर तर नाहीच. त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला. आधी आतलं हँडल सोडवलं. मग बाहेरचं सैल केलं. दोन्ही हँडलांना जोडणारी, दाराच्या आरपार जाणारी चौकोनी सळई बाहेरच्या हँडललाच चिकटलेली होती. कान मात्र खोलीत होते.

ड्रायव्हर सांगत होता, "...आणि मी घरी गेलो, तर पोरगी म्हणाली, बाबा तोंड उघडा. वास घेतला तिने. मग म्हणाली, आता मिठी मारा."

किल्लीवाल्याचा हात हलला. हाताबरोबर बूट हलला. पंख्याने संधी साधली आणि दार धाडकन लागलं. त्या दणक्याने सैल केलेलं बाहेरचं हँडल सळईसकट व्हरांड्यात पडलं आणि खणखणत लांब गेलं.

किल्लीवाल्याच्या हातात आतलं हँडल, आणि दारात एक चौकोनी भोक.

त्याने भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवायला बघितलं. हात धड असते तर त्याने सहज उघडलं असतं. पण हात धड असते तर तो इथे आलाच नसता. स्क्रू ड्रायव्हर नुसता खडखडला. डॉक्टर उठले, म्हणाले, "मी बघतो, छोट्या भोकांची मला सवय आहे." त्यांनी चहाचा चमचा घालून पाहिला. चमचा वाकला. ड्रायव्हरने खांदा लावला. खांदा दुखला. वायरमन खिडकीशी गेला; खिडकीला गज, खाली रिकामा बोळ. लायब्ररीचा पहारेकरी जेवायला गेलेला.

"कुलूपवाल्याला बोलवा कुणीतरी," ड्रायव्हर म्हणाला.

सगळ्यांनी किल्लीवाल्याकडे पाहिलं.

"या भागात मी एकटाच आहे," किल्लीवाला म्हणाला. मग त्याच्याने राहवेना. "खरं सांगू का? मला ऑफिसने पाठवलेलं नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "इथे ऑफिसच नाही."

"आणि कुलूप चांगलं होतं."

"तेही माहीत आहे."

"मग तुम्ही मला खोलू कशाला दिलंत?"

बाईंनी वर पंख्याकडे बोट केलं. वायरमनने मान खाली घातली. "हा पंखाही चांगला होता," बाई म्हणाल्या. "हे पहिल्यांदा आले तेव्हा पंखा बघायला आलो म्हणाले. दुरुस्त केला. तेव्हापासून तो एकाच वेगाने फिरतो, बंदही होत नाही."

"माझा हात बसेल हळूहळू," वायरमन पुटपुटला.

"मी दंततपासणी शिबिर आहे म्हणून आलो," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांची तोंडं तपासली. बाईंची एक दाढ किडलेली निघाली, एवढाच फायदा."

"मी विचारलं, इथे बस थांबते का," ड्रायव्हर म्हणाला. "वरच्या मजल्यावर. बसच्या ड्रायव्हरने."

"आणि तुम्ही?" किल्लीवाल्याने बाईंना विचारलं.

"मी पुस्तक परत करायला आले होते. लायब्ररी खाली आहे. कोणती लायब्ररी पुस्तकं वर खोलीत घेते? पण तेव्हा जे गृहस्थ इथे बसायचे, त्यांनी पुस्तक घेतलं, उघडून पाहिलं आणि म्हणाले, वा, बसा." बाईंनी चष्मा पुसला. "इथे सरळ दारातून आलेला माणूस मी अजून पाहिला नाही. पण जो येईल त्याच्यासाठी एक खुर्ची जास्त मांडतो आम्ही. दर आठवड्याला. बहुतेक वेळा रिकामीच राहते. तरी मांडतो."

किल्लीवाल्याने मोजल्या नव्हत्या, पण खुर्ची होती. धूळ पुसलेली, गोलात जागा सोडून ठेवलेली. ज्यांना जग दारुडे म्हणून ओवाळून टाकतं, त्या माणसांनी एका न पाहिलेल्या माणसासाठी ती खुर्ची पुसून ठेवली होती. निग्रहवाल्या शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला स्टूलसुद्धा नव्हतं.

"आता बाहेर कसं पडायचं ते बोला," ड्रायव्हर म्हणाला. "मला ड्यूटी आहे."

"माझी बायको," किल्लीवाला म्हणाला. "तिला सांगतो. बाहेरून हँडल घालून फिरवलं की उघडेल."

त्याने फोन लावला. बायकोने कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट. मग बाईंनी आपल्या फोनवरून लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"हॅलो. तुमचे मिस्टर इथे मीटिंगमध्ये आहेत."

"कोण बोलतंय?"

"आम्ही इथे नाव सांगत नाही."

"सांगत नाही म्हणजे?"

"तशी पद्धत आहे."

"बाई," बायको म्हणाली, "नवरा घराबाहेर, आणि नाव न सांगणारी बाई फोन करते, तो माझ्याजवळ आहे म्हणून. मी काय समजायचं?"

बाईंनी घाईघाईने फोन डॉक्टरांच्या हातात दिला.

"नमस्कार," डॉक्टर म्हणाले. "नाव मलाही सांगता येणार नाही. पण मी एक जबाबदार गृहस्थ आहे."

"बारमध्ये सगळेच असतात."

"हा बार नाही हो. इथे चहा आहे."

"चहात काय आहे?"

ड्रायव्हरने फोन ओढून घेतला. "वहिनी, शपथ घेऊन सांगतो, इथे कुणी प्यायलेलं नाही. खोलीत कोंडलोय आम्ही. दार उघडत नाहीये."

"का?"

"तुमच्या मिस्टरांनी दुरुस्त केलं."

या सगळ्या संभाषणात बायकोला पटावं असं हे पहिलंच वाक्य होतं. "कुठे आहात?" तिने विचारलं. पत्ता ऐकला आणि फोन ठेवला.

चहा निवतो न निवतो तोच लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. भरभर, मधेच अडखळत. व्हरांड्यातून येऊन ती दाराशी थांबली. धाप लागलेली ऐकू येत होती.

"अहो, आहात का?"

"आहे. बाहेर हँडल पडलंय बघ, सळई लागलेली. या भोकात घाल आणि फिरव."

हँडल उचलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"घातलंस का?"

"नाही."

"का?"

"मीटिंग चालू आहे ना?"

"संपली वहिनी," ड्रायव्हर घाईने म्हणाला.

"हे बोलले का?"

ड्रायव्हरने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी चहाकडे.

"मग परत सुरू करा," बायको म्हणाली. "मी आहे इथे बसलेली."

व्हरांड्यात ती भिंतीला टेकून बसल्याचा आवाज आला. ड्रायव्हर भोकाशी वाकला. "वहिनी, माझी बस आहे."

"बस रोज उशिराच येते. लोकांना सवय आहे."

बाई दाराजवळ गेल्या, हळू म्हणाल्या, "हे बघा, इथे बोलायची सक्ती नसते कुणावर."

"तुमची नसेल," बायको म्हणाली. "माझी आहे."

आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या बाई मुकाट्याने जागेवर जाऊन बसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या मास्तरणीबद्दलचा आदर होता.

किल्लीवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बसला नाही. दाराशीच खाली बसला, पाठ सगळ्यांकडे, तोंड त्या चौकोनी भोकाशी. कुलपांशी बोलायची सवय त्याला जुनीच होती.

"मी दारू पितो," तो म्हणाला.

"ते गल्लीला माहीत आहे," बाहेरून आलं. "नवीन सांगा."

त्याने बोटाने भोकाची कड चाचपली. पंखा घोंघावत होता. मग म्हणाला, "कोपऱ्यावरच्या आजी किल्ली करायला आल्या होत्या. मी करून दिली. लागली नाही. परत आल्या. दुसऱ्या दिवशी मी नवी दिली, ती लागली. आजी म्हणाल्या, हात आहे हो तुमचा. मी म्हणालो, आहे."

तो भोकाशी आणखी सरकला.

"ती किल्ली मी केली नव्हती. कोणतीच मी करत नाही आता. मी वाकडी घासून ठेवतो, आणि सकाळी मी उठायच्या आत तू दुकानात जाऊन बसतेस. सगळ्या नीट करतेस आणि परत माझ्या खिळ्याला टांगून ठेवतेस. मला कानशीचा आवाज येतो. मी जागा असतो. तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहतो. आवाज थांबला की मग आळोखेपिळोखे देऊन उठतो आणि म्हणतो, चहा दे." त्याने तळहाताने नाक पुसलं. "रोज म्हणतो. इतका निर्लज्ज आहे मी. पितो त्याची नाही वाटत, पण त्या चहाची लाज वाटते."

खोलीत कुणी मान हलवली नाही, कुणी च् च् केलं नाही. डॉक्टर जमिनीकडे बघत होते. ड्रायव्हर बस विसरला होता.

"मला वाटायचं तुम्हाला झोप लागलेली असते," बाहेरून बायको म्हणाली. आवाज भोकाच्या अगदी जवळून आला, आणि तो मघाचा नव्हता. "मी हळू घासायचे. झोपमोड नको म्हणून."

किल्लीवाला भोकाला तोंड लावून नुसता बसून राहिला. आणि तसाच बसलेला असताना पलीकडून सळई आली ती सरळ त्याच्या ओठावर आपटली.

"आई गं."

"अहो, बाजूला सरका ना. दाराशी काय तोंड घालून बसलाय?"

कुलूप कटकन बोललं. दार उघडलं. डॉक्टरांनी धावत येऊन किल्लीवाल्याचा जबडा वर केला, आत पाहिलं आणि जाहीर केलं, "दात शाबूत आहे."

दारात बायको उभी होती. हातात हँडल, मुठीत धरलेलं, गरज पडली तर मारताही येईल असं. केस सुटलेले. एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात त्याची. तिने आत एकेकाकडे पाहिलं, टेबलावरचा एक कप उचलून हुंगला, आणि खरंच चहा निघाल्यावर जरा ओशाळली.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"नको. मी फक्त दार उघडायला आले होते."

"हो," बाई म्हणाल्या, "तसंही चालतं."

ड्रायव्हर जिना उतरून पळालाच. वायरमनने खुर्च्या रचायला घेतल्या. किल्लीवाल्याने हँडल जागेवर लावलं. स्क्रू हातातून सारखे निसटत होते, तेव्हा बायको वाकली, तिने एकेक स्क्रू जागेवर धरला आणि त्याने पिळला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"हे जरा सैलच बसलंय," किल्लीवाला बाईंना म्हणाला. "पुढच्या आठवड्यात यावं लागेल बघायला."

"यावंच लागेल," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

"एका आठवड्यात होत नाही ते," वायरमनने अनुभवाचं सांगितलं.

बोळातून दोघं बाहेर पडली. बायको दोन वेगळ्या चपलांमुळे जराशी वाकडी चालत होती. किल्लीवाल्याने विचारावं की नाही याचा बराच विचार केला, आणि मग विचारलं.

"ती बॅग?"

"बॅगेचं बघू," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बघू. त्याच्या पुढच्या आठवड्यातही बघू."

"आणि घराची किल्ली? मला एक लागेल ना."

तिने कमरेला हात लावला. मग पर्स चाचपली. पर्स आणलेलीच नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध थांबली.

"काय झालं?"

"कुलूप लावलंच नाही मी." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "फोन आला आणि निघाले तशीच. घर सताड उघडं आहे. दुकानही."

गल्लीतलं सगळ्यात भारी कुलूप, चोराच्या बापाला न उघडणारं, उघड्या दारात नुसतं शोभेला होतं. कुणी काही उचलून नेलं असतं तर सबंध धंद्याची अब्रू गेली असती. किल्लीवाल्याने त्या दोन चपलांकडे पाहिलं.

"असू दे उघडं," तो म्हणाला. "हळू चाल. पडशील."

किल्लीवाल्याच्या तोंडी हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं, आणि धंद्याच्या दृष्टीने ते अत्यंत घातक होतं.